ताडमामाचा सहावा चौकोन

हरेश,

ताडमामाच्या पेजवर लोक अजून विचारतायत, मामा आजारी आहे का. दोन रविवार गेले, नवं कॉमिक आलं नाही. तलासरीकडच्या एका आशाताईंनी लिहिलंय, "मामा, पाड्यावरच्या बायका विचारतात, या रविवारी काय सांगणार?" पासवर्ड आपल्या दोघांनाच ठाऊक होता, आता मला एकट्यालाच आहे. म्हणजे ताडमामा म्हणून उत्तरही मीच द्यायचं. मी मोबाइल उघडतो, मेसेज वाचतो आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवतो. तू गेल्यापासून सतरा दिवस हेच चाललंय.

स्टेशनजवळच्या नाक्यावर तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. फोटोत तू एवढा गंभीर आहेस की आधी मी ओळखलंच नाही. खाली 'मनमिळाऊ', 'कर्तव्यदक्ष' असं सगळं छापलंय. ते खरंच आहे, पण वाचून तू हसला असतास. म्हणाला असतास, "सर, हे झालं. आता लोकांनी करायचं काय, ते कुठे लिहिलंय?" शाळेत चित्रकला शिकवतो म्हणून तू मला शेवटपर्यंत 'सर' म्हणालास आणि लगेच पुढच्या शब्दाला 'तू'. 'सर, तू गप्प बस' हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकून घेतलं नसतं.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा आडवळणाला जाईन. तुझ्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी तुझ्यासोबत होतो. हे वहिनींना माहीत नाही. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भावजी, हे तुमच्याजवळ कधी काही बोलले होते का?" मी म्हणालो, "नाही, वहिनी." दहाव्याला त्यांनी पुन्हा विचारलं, तेराव्याला पुन्हा. शब्द तेच, आवाजही तसाच, आणि माझं उत्तरही तेच. त्यांचा चहा हातात घेऊन मी तीनदा खोटं बोललो. घरी आलं की दार लावून घेतो, तरी तो प्रश्न घरातच असतो.

आपण भेटलो तेच मुळी भांडायला. तू आमच्या शाळेत जंताच्या गोळ्या वाटायला आला होतास. व्हरांड्यातली माझी चित्रं बघून म्हणालास, "सर, हात धुण्यावर एक चित्र काढून द्याल का? पाड्यावर लावायला." मी दोन दिवस खपून काढलं. एक तळवा, त्यावर पाण्याचा एक थेंब, थेंबात सगळं आकाश. तू बराच वेळ बघितलंस. मग विचारलंस, "छान आहे. पण साबण कुठाय?"

आठ वर्षं आपलं भांडण एवढ्यावरच चाललं.

ताडमामा तुझ्या डोक्यातून निघाला. उंच ताडाचं झाड, वरून सगळ्या पाड्याची भानगड त्याला दिसते. पाच चौकोन गोष्ट, आणि सहाव्यात मामा कमरेतून वाकून खाली येणार आणि सांगणार. पाणी उकळून प्या. बाळाला सहा महिने आईचंच दूध द्या. मुलीचं लग्न अठराच्या आत लावू नका, लावणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. हे 'लाज वाटली पाहिजे' तुझं खास, ते मी कितीदा खोडलं आणि तू कितीदा परत लिहिलंस. मी म्हणायचो, "ताड वाकत नाही रे. मोडेल, पण वाकणार नाही." तू म्हणायचास, "माणसासाठी वाकतो." मी म्हणायचो, "हे चित्र आहे की नोटीस?" तू म्हणायचास, "नोटीसच आहे. नोटीस वाचायला कोणी थांबत नाही, म्हणून तुला घेतलाय."

मला राग यायचा, हरेश. मी मुंबईला जाऊन चित्रकला शिकलेला माणूस. माझ्या वर्गातली मुलं आज कुठे कुठे प्रदर्शनं भरवतात, आणि मी डहाणूत बसून वाकलेला ताड काढतोय, त्याच्या तोंडी जाड अक्षरात 'शौचालय वापरा'. मित्रांना ते पेज मी कधी दाखवलं नाही. तू मात्र माझी ओळख करून देताना सगळीकडे सांगायचास, हे आमचे ताडमामावाले सर.

आणि तुझा तो नियम. शनिवारी संध्याकाळी कॉमिक तयार झालं की आधी कल्पना वहिनींच्या हातात मोबाइल द्यायचा. वहिनी आगर गावच्या, सातवीनंतर शाळा सुटलेली. त्या एकेका चौकोनावर बोट ठेवून मोठ्याने वाचणार आणि शेवटी एकच शब्द बोलणार. 'कळलं' म्हणाल्या तर रविवारी पेजवर टाकायचं. 'नाही कळलं' म्हणाल्या तर मी परत काढायचं, त्यावर अपील नाही. जुलाबाच्या गोष्टीत मी साखर-मिठाच्या पाण्यासाठी छान उंच काचेचा ग्लास काढला होता. वहिनी म्हणाल्या, "असला ग्लास कुणाच्या घरात आहे? पाणी किती घ्यायचं ते कसं कळणार?" मी रात्री जेवायच्या आत तांब्या काढून दिला. मनात चरफडलो, पण तांब्याच बरोबर होता.

तुझं बरोबर होतं हे मला कळायचं, कबूल करायचो नाही एवढंच. सापाच्या कॉमिकमध्ये तू लिहिलंस, 'आधी दवाखाना. मग भगताकडे जायचं तर जा.' मी म्हणालो, सहाव्या चौकोनात दुसरं काही मावतच नाही. तू म्हणालास, मग नाही मावलं तर नाही. पुढे एका बाईचा नवरा गवत कापत होता, त्याला घोणस चावली. माणसं जमली, प्रत्येकाचं मत वेगळं. बाईने मोबाइल काढून सगळ्यांना तो चौकोन दाखवला आणि नवऱ्याला जीपमध्ये घातलं. उन्हाळ्यात ती तुझ्या आरोग्य केंद्रात ताडगोळे घेऊन आली, 'मामाला द्या' म्हणून. त्यातले निम्मे तू मला आणून दिलेस. खाताना म्हणालास, "सर, तुझ्या थेंबातल्या आकाशाला कुणी ताडगोळे आणले असते का?" मी सालं आवरत राहिलो.

आता त्या शनिवारचं.

मी तुझ्याबरोबर पाड्यावर गेलो होतो, चेहरे काढायला. दुपारी तुझ्या मोटरसायकलवरून परत येत होतो. सरावलीच्या अलीकडे तू एकदम गाडी बाजूला घेतलीस. चिकूच्या वाडीच्या कुंपणाला धरून खाली बसलास. कपाळावर, मानेवर घाम. हात शर्टाच्या वरच्या बटणाजवळ. समोर एक सोडावाला होता, त्याने स्वतःचं स्टूल आणून दिलं. "बेसो भाई, बेसो. तबियत बराबर नथी?" मी सोडा आणला. तू दोन घोट घेतलेस आणि म्हणालास, "ॲसिडिटी." मी म्हणालो, "नक्की?" तू आरोग्य सेवक, मी चित्रकलेचा मास्तर. तू नक्की म्हणालास आणि मी मान डोलावली.

दहा मिनिटांनी तू उठलास, तोंड धुतलंस, आणि म्हणालास, "कल्पनाला सांगू नको. तिचा भाऊ असाच गेलाय, ती झोपणार नाही. पुढच्या आठवड्यात मी कार्डिओग्राम काढून घेतो." मग तू माझा हात धरलास. "घे शपथ. ताडमामाची." मला हसू आलं. घेतली मी शपथ, वाकलेल्या झाडाची.

त्या हसण्याचं काय करू, ते आता कळत नाही.

पुढचा आठवडा गेला. मी विचारलं, तू म्हणालास, काढतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी विचारलं नाही. आणि मग तू तुझ्या वहीतून नवी गोष्ट आणलीस. पहिल्या चौकोनात माणूस मोटरसायकलवर. दुसऱ्यात छातीशी हात. तिसऱ्यात मित्र त्याला सोडा पाजतोय. चौथ्यात, 'घरी सांगू नको.' पाचव्यात घरी बायको चहा घेऊन उभी, तो खुर्चीत गप्प. आणि सहाव्यात ताडमामा खाली वाकून: 'छातीत दुखलं, घाम आला, तर घरात सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानेही गप्प बसू नये. बसणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.'

मी वाचलं आणि म्हणालो, "हे तर आपलंच आहे."

"कुणाचं का असेना," तू म्हणालास, "तू काढ."

तू किती सोपं करून दिलं होतंस. तुला स्वतःच्या तोंडाने बायकोला सांगता येत नव्हतं. सगळ्या तालुक्याला शहाणपण शिकवणारा तू, घरात एक वाक्य बोलता येईना. म्हणून मामाच्या तोंडी घातलंस. शनिवारी वहिनी बोट ठेवून वाचतील, सहाव्या चौकोनाशी थांबतील, मान वर करून तुझ्याकडे बघतील, आणि पुढचं आपोआप होईल. एवढाच तुझा बेत होता. आणि मलाही तू शपथेतून मोकळं करत होतास. आज मला हे लख्ख दिसतं. त्या दिवशी मला दिसलं ते फक्त पाचव्या चौकोनात किती सुंदर चित्र होईल ते.

मी तुझ्याशी तासभर वाद घातला. म्हणालो, सहावा चौकोन नको. मित्रही नको, सोडाही नको. फक्त खुर्चीतला माणूस, त्याचा हात शर्टाच्या बटणावर, दारात बायको, हातातल्या चहाची वाफ. एक शब्द नको. आठ वर्षांत एकदा तरी माझ्या पद्धतीने होऊ दे, वाचणाऱ्याला कळेल. तू विचारलंस, "कल्पनाला कळेल?" मी म्हणालो, "कळेल." तू वही मिटलीस. "ठीक आहे, सर. तू म्हणतोस तर."

तू माझं कधी ऐकत नव्हतास. मग तेव्हाच का ऐकलंस? कधी वाटतं, तू दमला होतास. कधी वाटतं, तुलाही तेवढंच हवं होतं, कुणीतरी तो चौकोन खोडायला हवा होता. आणि कधी तुझा इतका राग येतो की फ्लेक्ससमोरून जाताना मी मान वळवतो. आरोग्य सेवक होतास तू. ज्या आरोग्य केंद्रात तू रोज लोकांना रांगेत बसवत होतास, तिथे स्वतः एकदा झोपायला तुला काय झालं होतं?

वहिनींनी त्या संध्याकाळी मोबाइल हातात घेतला. बोट ठेवायला शब्दच नव्हते. बराच वेळ बघून म्हणाल्या, "चित्र फार छान काढलंय, भावजी. पण ह्याला झालंय काय? शर्टाचं बटण तुटलंय का?"

तू एवढा हसलास की तुला ठसका लागला. मीही हसलो. मग वहिनी म्हणाल्या, "नाही कळलं." नियमाप्रमाणे मी परत काढायला हवं होतं. मी म्हणालो, "वहिनी, हे जरा वेगळं आहे." आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या 'कळलं' शिवाय कॉमिक पेजवर गेलं.

त्याचं कौतुक खूप झालं. मुंबई-पुण्याच्या लोकांनी लिहिलं, किती तरल, किती कमी रेषांत. मी ते सगळं तुला वाचून दाखवलं, तू ऐकून घेतलंस. पाड्यांवरून एकच मेसेज आला, 'मामा कुठे गेला?' त्यानंतर दोन महिन्यांनी, ड्युटीवर निघताना, चपला घालायला तू वाकलास आणि तसाच राहिलास.

तेराव्याला सगळे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्यावर एक कॉमिक काढा. आणि तो शेवटचा चौकोन मोठा काढा, त्यांना आवडायचा." मी हो म्हणालो. घरी येऊन तीन काढली. एकात दारात तुझ्या चपला. एकात ताडाखाली तुझी मोटरसायकल. एकात रिकामी खुर्ची, आणि दारात चहा. तिन्ही चांगली होती, हरेश, माझ्या हाताला एवढं येतं. चौथं काढायला घेतलं आणि माझं मलाच लक्षात आलं, मी चपला काढत होतो, म्हणजे मला माणूस काढावा लागत नव्हता. मोटरसायकल काढत होतो, म्हणजे तिच्यावर मागे बसलेला मी काढावा लागत नव्हता. आयुष्यभर मी ह्याला कला म्हणत आलो. त्यातली थोडी होतीही. पण बाकीचं नुसतं पळ काढणं होतं, आणि तेही चार भिंतींच्या आत, कारण बाहेर पडायला जागाच नव्हती. खरं काढलं तर वहिनींना कळणार, मी तीनदा खोटं बोललो आणि त्यांचा नवरा वाचू शकला असता तेव्हा चित्र रंगवत बसलो. खोटं काढलं तर दर शनिवारी त्या घरात जाऊन चहा प्यायचा आणि तो प्रश्न ऐकायचा. शिवाय तुझी शपथ. मेलेल्या माणसाला मोडलेली शपथ परतही करता येत नाही.

शेवटी माझ्याकडेच राहिलेली तुझी वही काढली. तुझी गोष्ट होती तशी घेतली, सहाच्या सहा चौकोन. तिसऱ्यात सोडा पाजणारा मित्र काढला तेव्हा त्याला चष्मा घातला, माझ्यासारखं टक्कल काढलं, खांद्याला माझी झोळी लटकवली. कुणाला शंका राहू नये. सहाव्यात मामा वाकवला. आजारी माणसाकडे नाही, त्या मित्राकडे. त्याच्या तोंडी तुझं वाक्य, जसंच्या तसं, लाजेसकट.

काल शनिवार. नियमाप्रमाणे मी संध्याकाळी तुझ्या घरी गेलो आणि वहिनींच्या हातात मोबाइल दिला.

त्यांनी पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं, वाचलं. दुसरा वाचला. तिसऱ्याशी थांबल्या. "हे तुम्ही?"

"हो."

चौथा मोठ्याने वाचला, 'घरी सांगू नको.' पाचवा मनात वाचला. सहावा वाचायला त्यांना फार वेळ लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो होतो.

"कधीचं हे?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सरावलीचं, सोडावाल्याचं, शपथेचं. तुझ्या वहीतल्या सहाव्या चौकोनाचं, आणि तो मी खोडला त्याचं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चित्राकडेच बघत होत्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते बटणाचं चित्र बघितलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांचे सगळे शर्ट काढले. सगळी बटणं पक्की शिवून ठेवली. मला वाटलं, भावजींनी काहीतरी मुद्दाम दाखवलंय."

माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. ती मागायचीही मला सोय उरली नव्हती. वहिनींनी चहा विचारला नाही, आठ वर्षांत पहिल्यांदा. मोबाइल परत दिला आणि आत गेल्या. मी चपला घालत होतो, तर पुन्हा दारात आल्या.

"उद्या टाका ते पेजवर," त्या म्हणाल्या. "पण शेवटचं अक्षर बारीक झालंय. मोठं करा. म्हाताऱ्या माणसालाही वाचता आलं पाहिजे."

सुटलो असं मला वाटलं नाही, हरेश. अजून वाटत नाही. त्या मला पुन्हा भावजी म्हणतील का, येत्या शनिवारी त्या घराची पायरी मी चढायची का, मला ठाऊक नाही. तुझ्यावरचा राग आहे तसा आहे. आणि तू मला साबण काढायला शिकवलंस, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही, तेही तसंच राहिलं. तेवढं आता इथे म्हणतो.

आज सकाळी उठून अक्षर मोठं केलं. ते चौकोनात मावेना, म्हणून चित्र लहान केलं.